एका कान्याचा फरक

"येवर्नि?" असं पोचम्मानं विचारलं आणि विडीच्या कारखान्यातल्या चाळीस कात्र्या एकदम थांबल्या. इतका वेळ टेंभुर्णीची पानं कापली जात होती, त्याचा बारीक आवाज त्या लांबट खोलीत भरून राहिला होता आणि तो थांबल्यावरच मला कळलं की तो होता. पोचम्मा तिथली सगळ्यांत वयस्क. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि डोळे माझ्यावर. तिच्या प्रश्नाचा अर्थ मला कळला नाही. पण हातात वही होती आणि पुस्तकात संपाच्या आधी जे करायचं असतं ते मला तोंडपाठ होतं. तेव्हा तिनं 'कधी?' असंच विचारलं असणार असं मी धरून चालले आणि खणखणीत दखनीत सांगितलं, "पैले सेठ कू नोटीस देना. चौदा दिन की. उसके बाद संप." कुणाच्या तरी हातातलं पान खाली पडलं. दाराशी स्टुलावर बसलेला दरवान उठून उभा राहिला. कोपऱ्यातला मुन्शी चष्मा पुसायला लागला. चाळीस बायका माझ्याकडे टक लावून बघत होत्या आणि मी, आता लपवून काय उपयोग, मनातून नुसती फुलून गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एका वाक्यानं एक अख्खी खोली गप्प झाली होती.

बाहेर पडले तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. सुलतान बाजारातून कोठीकडे जाताना एका टांगेवाल्यानं मला "संभालके, बेगम!" म्हणून दटावलं, तरी मी हसतच होते. कापडाच्या दुकानांवर नव्या पाट्या चढत होत्या. जानेवारीची सव्वीस तारीख जवळ आली होती, जो तो प्रजासत्ताकाबद्दल बोलत होता, आणि मला वाटत होतं की हे सगळं माझ्याच कामाची तयारी म्हणून चाललंय. एकवीस वर्षांच्या मुलीला असं वाटू शकतं. रझाकारांच्या धामधुमीत अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला नागपूरला मावशीकडे पाठवलं. तिथं मी बी.ए. पुरं केलं आणि मग कामगार आणि मालक यांच्या संबंधांचा नवा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला. मावशी म्हणायची, "अगं, हा काय मुलींचा विषय? गिरणीत जाऊन बसणार आहेस का?" पण तो विषय मी पुस्तकातून घेतलाच नव्हता. मावशीच्या घरामागं एक गिरणी होती. तिचा भोंगा रोज पहाटे छातीत वाजायचा. एके दिवशी तो वाजला नाही. मी गच्चीवर जाऊन बघितलं तर फाटकासमोर माणसं सतरंज्या टाकून बसली होती. कुणी दगड मारत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. नुसती बसली होती आणि त्यांच्या बसण्यानं तो राक्षसासारखा भोंगा अकरा दिवस मुका झाला होता. शेजारीपाजारी, दूधवाला, मावशी, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, संप. माझ्या लेखी त्या शब्दात हाणामारी नव्हतीच. त्यात बसणं होतं. इतका सभ्य आणि इतका जबर शब्द मी दुसरा ऐकला नव्हता.

नोव्हेंबरात अण्णांनी लिहिलं, आता ये, आणि मी पहिल्या वर्षाच्या निकालाचा कागद घेऊन हैदराबादेत परतले. हाच अभ्यासक्रम इथंही नुकताच सुरू झाला होता. विभाग तात्पुरता कोठीतल्या एका जुन्या बंगल्यात भरायचा. कारकुनानं माझा नागपूरचा कागद उलटासुलटा करून बघितला, उसासा टाकला आणि त्यावर उर्दू शिक्का मारला, कारण इंग्रजी शिक्के अजून यायचे होते. आरझी. म्हणजे तात्पुरता. दुसऱ्या वर्षात मला बसू दिलं होतं, पण विभागाचे प्रमुख नामदेवराव सर, जे स्वतः मुंबईहून नवेच आले होते आणि ज्यांना उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं, त्यांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं, "पद्मावतीबाई, एका कारखान्याची पाहणी करा. सोळा तारखेला तोंडी परीक्षा घेईन. जमलं तर दुसरं वर्ष. नाही तर पहिल्या वर्षात पुन्हा सुरुवात." पहिल्या वर्षात पुन्हा सुरुवात म्हणजे दोन वर्षं, आणि माझ्याजवळ दोन वर्षं नव्हती. अण्णा जूनमध्ये निवृत्त होणार होते. अदालतीत ते मुतर्जिम, म्हणजे दुभाषे होते. साक्षीदारांचं तेलुगू आणि मराठी बोलणं ते उर्दूत उतरवत. आता सगळं इंग्रजीत जाणार म्हणून त्यांच्यासारख्यांना घरी पाठवत होते. त्यानंतर आम्ही नांदेडकडच्या गावी जायचं ठरलं होतं. तिथं ना कारखाने होते ना नामदेवराव सर. तेव्हा माझं शिक्षण जूनच्या आत व्हायचं होतं, नाही तर व्हायचं नव्हतं.

पण भीती अशी वाटतच नव्हती. वर्गातली मुलं मला जुन्या वह्या देत. त्या उर्दूत होत्या, कारण कालपर्यंत सगळं उर्दूतच शिकवत, आणि त्यांतल्या एका ओळीवर मी पहिल्याच दिवशी भाळले. 'आजिर' म्हणजे कामाला ठेवणारा, 'अजीर' म्हणजे कामाला राहणारा. मी ते देवनागरीत एकाखाली एक लिहून बघितले. मालकाच्या अ-पुढे काना उभा होता आणि कामगाराकडे तो नव्हता. ऱ्हस्वदीर्घाचं सोडा, मला तो कानाच दिसत राहिला. जगातलं सगळं भांडण त्या एका उभ्या रेघेसाठी आहे असं मी समासात लिहून ठेवलं आणि स्वतःवरच खूश झाले. सोमवारी पहिल्यांदा कारखान्यात गेले तेव्हा हीच वही होती. सुलतान बाजारामागच्या गल्लीतला तो कारखाना, सगळ्या बायका तेलुगू बोलणाऱ्या, मध्येच एखादं दखनी वाक्य. मला तेलुगू येत होतं ते लहानपणी खाल्लेल्या बोलण्यांपुरतं. त्यामुळं जे कानावर पडेल ते मी जसंच्या तसं देवनागरीत उतरवत गेले. "मूडु दिनालु पनि बंद" असं तिघी-चौघींनी सांगितलं आणि मी ताबडतोब समजले. दिनालु म्हणजे दिवस, बंद म्हणजे बंद. तीन दिवस पाणी बंद होतं! वहीत मी त्याखाली दोन रेघा मारल्या. आणखी एकीनं दरवानाकडे हनुवटी करून हळूच काही सांगितलं, त्यात 'ओळ्ळु' असा शब्द होता. ओलं, म्हणजे हेही पाण्याचंच. मंगळवारी मी सरांपुढे आठ पानांचं टिपण ठेवलं: कामगार स्त्रियांना पिण्याचे पाणी नाकारले जाते. सर म्हणाले, "छान. आता मालकाची बाजू बघा." म्हणून गुरुवारी पुन्हा गेले आणि मुन्शीला विचारलं, पाणी का तोडलं? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं खोलीतले तीन रांजण दाखवले. तिन्ही काठोकाठ भरलेले. मला वाटलं, हा माझ्यासाठी आजच भरून ठेवलेला देखावा. संताप आला. त्या संतापातच मी बायकांकडे वळून म्हणाले होते, "तुम लोगां संप कायकू नै करते?"

हे सगळं मनात घोळवत मी काचीगुड्याला घरी पोचले. चपला काढत होते. एक काढली होती. मागच्या पडवीतून भामा ओरडली, "सम्पुत निन्नु!" आणि दुधाच्या पातेल्यापासून मांजर उडी मारून पळालं. भामा म्हणजे आई गेल्यापासून आमचं घर चालवणारी बाई. मला न्हाऊमाखू घातलं ते तिनं. माझ्याशी ती बोलायची तिच्या स्वतःच्या मराठीत. रागावायची मात्र तेलुगूत, आणि हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. मांजराला, कावळ्याला, भाजीवाल्याच्या बकरीला, कैऱ्या पाडल्या की मलासुद्धा. एका पायात चप्पल तशीच ठेवून मी पडवीत गेले.

"भामा, काय म्हणालीस आत्ता?"

"मांजराला म्हनले."

"पण काय?"

"सम्पुत म्हनले. मारून टाकते म्हनले. काय झालं पद्मम्मा, तोंड असं का?"

"आणि येवर्नि? येवर्नि म्हणजे?"

"येवर्नि बोले तो किसकू. कुनाला."

मी तिथंच खाली बसले. फरशी गार होती आणि तो गारवा पाठीतून वर चढत गेला. तुम्ही मारून का टाकत नाही? कुणाला? आधी सेठला चौदा दिवसांची नोटीस द्या, मग मारा. मला हसू फुटलं. इतकं की डोळ्यांतून पाणी आलं आणि भामा घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली. हसता हसता मुन्शीचा चष्मा आठवला आणि हसू थांबलं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी मी या शहरात आले ती आगगाडीतून, आणि गाडीत सगळी माणसं नलगोंड्याकडच्या सशस्त्र उठावाच्या बातम्या दबक्या आवाजात बोलत होती. कोण कुणाला मारतंय, कुठल्या गावात पलटण उतरलीय. त्या दिवसांत भर शहरात, बायकांच्या घोळक्यात, एक कॉलेजातली मुलगी हा शब्द बोलून गेली होती. तोही तारखेसकट.

अण्णा बैठकीत लिहीत बसले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. आवाज न चढवणं ही त्यांची सवय होती आणि ती मला लहानपणापासून ओरडण्यापेक्षा अवघड जायची. ते म्हणाले, "हा शब्द मी वर्षभर रोज लिहितोय. खास अदालतीत साक्षीदार उभा राहतो, म्हणतो, सम्पिंड्रु. मी लिहितो, कत्ल किए. माणसं रडत सांगतात, मी लिहितो. तू तो शब्द हसत बोलून आलीस." मग त्यांनी हात पुढे केला. "वही आण. त्या काय म्हणाल्या ते बघू. तू काय म्हणालीस ते कळलं."

वही त्यांनी खिडकीपाशी धरली. माझं अक्षर लावत ते मोठ्यानं वाचायला लागले आणि एक विचित्र गोष्ट घडली. मी कागदावर डांबून ठेवलेले आवाज त्यांच्या तोंडून बाई होऊन बोलायला लागले. "मूडु दिनालु पनि बंद. हे तू पाणी लिहिलंस?"

"हो. तीन दिवस पाणी बंद."

"पाण्याला नीळ्ळु म्हणतात. पनि म्हणजे काम. तीन दिवस काम बंद केलं होतं त्यांनी." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले. "तुझा तो संप, पद्मा. तू सांगायच्या आधीच करून बसल्यात त्या."

पुन्हा एक काना! त्यांच्या शब्दात नसलेला काना मी माझ्या पदरचा घातला होता आणि कामाचं पाणी करून टाकलं होतं. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी अंगातून सरसरत गेलं. नागपूरच्या त्या गच्चीवर वाटलं होतं ते. पुस्तक नाही, पुढारी नाही, नोटीस नाही, आणि चाळीस बायका सुपं बाजूला ठेवून तीन दिवस नुसत्या बसल्या होत्या. मी उठून उभी राहिले. "पण कशासाठी, अण्णा? पाण्यासाठी नाही तर कशासाठी?"

अण्णांनी पान उलटलं. मग ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "इथं लिहिलंयस, ओळ्ळु मुट्टुकुंटडु. दरवानाबद्दल आहे हे?"

"हो. ओळ्ळु म्हणजे ओलं ना?"

"नाही." त्यांनी टेबलावरचा बोरू उचलला आणि त्या ओळीखाली उर्दूत एक ओळ लिहिली. कुणाचीही साक्ष ते जसे लिहीत, तसंच सावकाश, वळणदार अक्षरात. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि आत निघून गेले. मी उघडून वाचलं: 'जिस्म को हाथ लगाता है.' कामावरून सुटताना पानं-तंबाखू चोरली नाही ना म्हणून दारात झडती होते हे मला माहीत होतं. मी ते 'प्रवेशद्वारावरील व्यवस्था' म्हणून एका वाक्यात लिहिलंही होतं. त्या बाईनं हनुवटीनं दरवान दाखवला होता. माझ्याहून लहान होती ती. तिनं एवढा धीर करून सांगितलं आणि मी त्याखाली लिहिलं होतं, जमीन ओली राहते. मला स्वतःचा इतका राग आला की वही भिंतीवर मारावीशी वाटली. मारली नाही, कारण त्या ओळी आता माझ्या नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी अण्णा म्हणाले, "मी येऊन उपयोग नाही. पुरुषासमोर त्या बोलणार नाहीत. भामाला ने." आणि वीस वर्षं आमच्या घरी भाकरी भाजणाऱ्या भामाला त्यांनी समोर उभं करून दुभाष्याचे नियम सांगितले. आपल्या पदरचं घालायचं नाही. त्यांचं गाळायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. भामा पदरात हसली. "अण्णासाब, सांगायला काय लागतं? एक तोंड, दोन कान." पण निघताना तिनं चांगलं लुगडं नेसलं होतं हे मी बघितलं. अख्ख्या वाटेनं ती माझ्या पुढे चालत होती.

मुन्शीनं मला आत येऊ दिलं नाही. "मॅडम, आप के प्रोफेसर साब कू लिखे हम," एवढं बोलून त्यानं अर्धं दार लावून घेतलं. म्हणून दुपारच्या सुट्टीत बायका गल्लीत जेवायला आल्या तिथं आम्ही जाऊन बसलो. मला बघताच त्यांच्यात एक कुजबूज आणि मग हास्याची लाट. भामाही हसायला लागली. मी म्हटलं, "सांग ना!"

"तुला नाव ठेवलंय यांनी. सम्पु अम्मा आली म्हनतात."

मी कान धरले. अक्षरशः, दोन्ही हातांनी, शाळेतल्यासारखे, आणि भामाला म्हटलं, सांग यांना, आमच्यात संप म्हणजे काम बंद, पनि बंद. भामानं सांगितलं. मग पोचम्मा गुडघ्यावर थाप मारून अशी हसली की तिला ठसका लागला. सोमवारची ती लहान बाई तिला पाणी द्यायला उठली. तिचं नाव मी या वेळी नीट विचारलं, आणि ते इथं लिहिणार नाही. ठसका थांबल्यावर पोचम्मा माझ्याजवळ सरकली. तिच्या बोटांना तंबाखूचा उग्र वास होता. भामाला बाजूला करून ती माझ्याशी दखनीत बोलली, मला सरळ कळावं म्हणून.

"अम्मा, कल शाम कू दरवान किसी कू हात नै लगाया. आज बी नै. दोनो हात ऐसे गोद में रख के बैठता." तिनं हात मांडीत ठेवून दाखवले. "तीन दिन काम बंद करे तो सेठ हँसा. बोला, भूख लगी तो आतेच तुम. तुम्हारा एक लब्ज सुना तो पसीना छूटा उसकू. चौदा दिन बोले ना तुम?"

"हो. हाँ."

"तो चौदा दिन उस लब्ज का मतलब नक्को बताओ किसी कू. तलाशी कू दरवाजे पे औरत बैठने दो पैले. फिर बोलो, मैं गलत बोली."

मी मान हलवली की नाही ते आठवत नाही. परतताना कोठीपर्यंत माझं डोकं नुसतं भणभणत होतं. सोळा तारखेला सर मुन्शीच्या पत्राबद्दल विचारणार. 'संप म्हणजे काम बंद' हे एक वाक्य बोललं की माझं दुसरं वर्ष वाचत होतं, आणि त्याच वाक्यानं दरवानाचे हात मांडीतून सुटत होते. संध्याकाळी अण्णांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, ते म्हणतील, खोटं बोलू नकोस. तीस वर्षं त्यांनी कुणाचा एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. त्यांनी बोरू खाली ठेवला. "मुतर्जिम अर्थ बदलत नाही," ते म्हणाले. "पण न विचारता सांगतही नाही. ज्यानं ऐकलंय त्याला अर्थ माहीत आहे असं तो समजत असेल, तर ती त्याची गोष्ट." आणि मग, अगदी हळू, "पहिल्या वर्षात बसावं लागलं तर मी निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षं इथं राहीन म्हणतो. भामाचंही इथंच सगळं आहे." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. गावच्या घराला त्यांनी रंग द्यायला सांगितला होता हे मला ठाऊक होतं. मी आत जाऊन उगाचच भामाच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि चार वाकड्या पोळ्या लाटल्या.

सोमवारी सरांच्या खोलीत मुन्शी माझ्या आधी येऊन बसला होता. सरांपुढे एक उर्दू कागद होता. सर त्रासून म्हणाले, "हे गृहस्थ काय तक्रार करताहेत मला नीटसं कळत नाही. पत्र उर्दूत आहे. तुम्हाला वाचता येतं ना? वाचून मराठीत सांगा."

स्वतःवरचं आरोपपत्र मी स्वतः वाचायचं होतं. ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ पाहत होतं. भामाला सांगितलेले नियम मला आठवले. पदरचं घालायचं नाही, त्यांचं गाळायचं नाही. "आपल्या विद्यार्थिनीने," मी वाचलं, "आमच्या कारखान्यातील मजूर स्त्रियांना मालकाचा खून करण्याची चिथावणी दिली. त्यासाठी चौदा दिवसांची मुदत घालून दिली. ही मुदत सव्वीस जानेवारी रोजी, ऐन समारंभाच्या दिवशी संपते. तरी तिला ताबडतोब काढून टाकावे."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "खून? तुम्ही नक्की काय बोललात?"

"मी म्हणाले, तुम लोगां संप कायकू नै करते."

सर मुंबईचे. त्यांना एका क्षणात उलगडलं. चेहरा खुलला, ते खुर्चीत पुढे झाले आणि मुन्शीकडे हात करून म्हणाले, "अहो, काय तुम्ही! संप म्हणजे..."

"सर!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा शिपाई डोकावला. गुरूला असं थांबवणं मी जन्मात केलं नव्हतं. "सर, ते मी बोलले. ते मलाच निस्तरू द्या." आणि माझी वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. अण्णांच्या उर्दू ओळीखाली मी मराठी लिहिलं होतं: अंगाला हात लावतो. सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते मागे टेकून बसले आणि तोंड मिटून घेतलं.

मी मुन्शीकडे वळले. आवाज माझाच होता, पण त्यात पोचम्माच्या तंबाखूचा वास आहे असं मला वाटलं. "जो बोली सो बोली, मुन्शी साब. आज पाँचवाँ दिन है. कोतवाली में लिखाना है तो चलो, मैं बी आती. मेरा लब्ज तुम लिखाओ. दरवाजे पे तलाशी कैसी होती, वो मैं लिखाती."

मुन्शीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो वाईट माणूस नव्हता. सेठनं पाठवलं म्हणून आला होता, त्याच्या घरीही मुली असतील. तो अजीरच होता, कान्याशिवायचा. "दरवाजे पे औरत बिठाने का मैं बोलता सेठ कू," तो हळूच म्हणाला. "आप वो... वो चौदा दिन का जरा..."

"औरत बैठी तो देखेंगे."

तो गेला. पत्र तिथंच राहिलं. खोलीत मी आणि सर. मला वाटलं, आता सांगतील, पहिल्या वर्षात जा, आणि आश्चर्य म्हणजे मला ते चाललं असतं. दोन वर्षं काय, चार वर्षं बसायला मी तयार होते. मला तेलुगू शिकायचं होतं, भामाकडून, शिव्यांपासून सुरुवात करून. सरांनी माझा नागपूरचा कागद फायलीतून काढला. त्यावरचा शिक्का बोटानं चाचपला. "यात काय लिहिलंय म्हणालात?"

"आरझी. तात्पुरता."

"सव्वीस तारखेपर्यंत तसाच राहू दे. तुम्ही नोटीस दिलीय, मीही पाळतो." ते हसले नाहीत, पण पेन्सिल उचलली. "बसा. तोंडी परीक्षा सुरू करू. पहिला प्रश्न. संपाला त्या बायका काय म्हणतात?"

"पनि बंद, सर."

त्यांनी ते परीक्षेच्या कागदावर लिहिलं आणि बरोबर आहे का म्हणून माझ्याकडे वळवलं. 'पानी बंद', असं लिहिलं होतं. मी त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि प-पुढचा काना खोडला.